नकाशांचे जग (भाग नववा) : कापसाची शहरे आणि पाखराची नजर

मागच्या आठवड्यात आपण साखळी टाकून केलेल्या जमीनमोजणीचे नकाशे पाहिले. कोणाचा बांध कुठे संपतो हे त्यांतून नेमके कळते; गाव दिसते कसे, हे मात्र कळत नाही. आजची चित्रे नेमकी त्यासाठी काढलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या वाढत्या शहरांची अशी विहंगम चित्रे शिळाप्रेसवर छापून विकली जात.

लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहून ज्याने खाली पाहिले आहे, त्याला ही नजर समजावून सांगायला नको. झाडांचे शेंडे, देवळांची शिखरे, मधले पाणी आणि दीड-पावणेदोन किलोमीटरवरचा पलीकडचा काठ, सारे तिथून एका दृष्टीत मावते. अमेरिकेतल्या सपाट मैदानावरच्या गावांना असा काठ कुठून मिळणार? चित्रकार फुग्यात बसून वर जात असेल असे वाटते, पण बहुतेक काम पायी चालूनच होई. आधी शहराचा आराखडा मिळवायचा आणि तो तिरक्या नजरेने दिसेल असा चौकटी आखून कागदावर उतरवायचा. मग गल्लीगल्लीतून हिंडून प्रत्येक घराचे मजले, खिडक्या, धुराडी, दारातली झाडे टिपायची आणि ज्याचे त्याच्या जागी बसवायचे. दोन-तीन हजार फुटांवरची ती जागा फक्त चित्रकाराच्या डोक्यात असे. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत चिवट कारागिरीत हिची गणना व्हायला हवी.

या धंद्यातले मोठे नाव अल्बर्ट रुगर. अमेरिकी यादवी युद्धात तो सैन्यात होता. दुसरा थॅडियस फाउलर. तोही त्याच युद्धात जखमी झालेला, आणि पुढे त्याने चारशेहून अधिक गावांची चित्रे काढली. कॅमिल ड्राय याने 1875 मध्ये सेंट लुईस शहर तब्बल 110 पानांत घरागणिक मांडले.

पैसा येई तो गावातूनच. आधी वर्गणीदार गोळा करायचे, पुरेसे जमले की छपाई. जो जास्त पैसे देई त्याचे दुकान किंवा कारखाना चित्राच्या कडेला वेगळ्या चौकटीत मोठा करून छापत. त्यामुळे या चित्रांत प्रत्येक धुराड्यातून धूर निघतो, प्रत्येक धक्क्याला जहाज लागलेले असते, आणि नुसते आखलेले रस्तेही कधी कधी बांधून झाल्यासारखे दिसतात. गावाला आपण कसे दिसावे असे वाटत होते, तेही त्यात उतरले आहे. इतिहासकाराने हे भान ठेवून पाहावे. पण पाहावे जरूर. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी सुमारे दीड हजार चित्रे जपलेली आहेत. जॉन रेप्स या अभ्यासकाने 1984 मध्ये केलेल्या सूचीत चार हजारांवर नोंदी आहेत. कित्येक चित्रांच्या मोजक्याच प्रती आता उरल्या आहेत.

बुलढाण्याच्या वाचकाला याचे काय? ज्या युद्धातून हे चित्रकार बाहेर पडले, त्याच युद्धाने आपले खामगाव मोठे केले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस बंदरांतच अडकला. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना बहुतांश कापूस तिथूनच जाई. मग साऱ्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. खामगावचा कापूस बाजार त्याआधीपासूनचा. पण आता भाव चढले आणि बंड्यांची रीघ लागली. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! कापसाचे वजन तेवढे होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, 1905 मध्ये ते बुलढाण्यात आले.

त्याच सुमारास, 1871 मध्ये, ड्रायने टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन या कापसाच्या बंदराचे विहंगम चित्र काढले. गॅल्व्हेस्टनचे गोदाम कुठे होते, कोणती गल्ली समुद्राकडे जात होती, हे आज तिथला शाळकरी पोरही बोट ठेवून दाखवू शकतो. आपल्या कापूस शहरांची वाढ मात्र सरकारी अहवालांत गाठी आणि रुपयांच्या हिशेबानेच नोंदली गेली. आपल्याकडे शिळाप्रेस नव्हते असे नाही. पुण्याची चित्रशाळा 1878 मध्ये सुरू झाली, रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये. घरोघरी त्यांची चित्रे लागली, पण ती देवदेवतांची आणि वीरांची. आपल्याच गावाचे चित्र वर्गणी भरून काढून घ्यावे आणि दुकानात लावावे, असा धंदा इथे उभाच राहिला नाही. ही उणीव मला फार टोचते.

तरी खामगावचे, मलकापूरचे, शेगावचे जुने रूप अजून जुळवता येईल. जिनिंग-प्रेसिंगचे आराखडे, कारखान्याचे चित्र छापलेली बिले, गाठींवरच्या मार्क्यांचे ठसे, बाजाराचे फोटो हे सारे घराघरांतल्या पेट्यांत असू शकते. तुमच्याकडे असे काही असेल तर रद्दीत घालू नका. त्याची स्वच्छ प्रत काढून गावच्या वाचनालयात द्या, आणि मागे जागा व साल न विसरता लिहा.