कायदा माहीत हवा. पण तो वाचायचा कोठे?

कायद्याचे अज्ञान ही बचावाची सबब होऊ शकत नाही, या तत्त्वावर सारी न्यायव्यवस्था उभी आहे. ते आवश्यकही आहे. कारण ही सबब एकदा मान्य केली तर प्रत्येक आरोपी अज्ञानाचाच आसरा घेईल. परंतु या तत्त्वाला दुसरीही बाजू आहे. नागरिकाला कायदा ठाऊक असल्याचे जे शासन गृहीत धरते, त्याने तो त्याला वाचता येईल अशी सोय करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. पहिली बाजू काटेकोरपणे पाळली जाते. दुसरीचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच या दुसऱ्या बाजूवर बोट ठेवले होते. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूविषयक कायदा ठरावाने संमत केला, पण तो प्रसिद्ध केलाच नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला नावाच्या इसमास पन्नास रुपये दंड झाला. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला. जनतेला जाणून घेण्याचा मार्गच नाही, असा कायदा तिच्यावर लादणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे सांगून न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

आज कायदे राजपत्रात रीतसर छापले जातात. तथापि छापणे आणि वाचकापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. घरमालकाची नोटीस आलेल्या कारकुनाला भाडे नियंत्रण अधिनियम पाहावयाचा असतो. गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराबद्दल शंका असलेल्या शिक्षकाला सहकारी संस्था अधिनियम, तर फेरफाराची नोंद अडलेल्या शेतकऱ्याला जमीन महसूल अधिनियम. त्यांनी जावे कोठे? न्यायालयातील ग्रंथालये न्यायाधीश व वकिलांच्या सोयीसाठी असतात, विधी महाविद्यालयांची विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी. आणि गावच्या वाचनालयात कादंबऱ्या असतात, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके असतात. कायद्याचे अद्ययावत पुस्तक मात्र सहसा नसते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाचे उत्तर १८९१ साली शोधले. त्या वर्षीच्या कायद्याने तेथील परगण्यांतून, म्हणजे काउंट्यांतून, सार्वजनिक विधी ग्रंथालये उभी राहिली. न्यायाधीश व वकील यांच्याप्रमाणेच परगण्यातील प्रत्येक रहिवाशाला तेथील ग्रंथ विनामूल्य पाहता येतात. ग्रंथपाल सल्ला देत नाही; दावा लढवावा की तडजोड करावी हे तो सांगणार नाही. पण संबंधित कलम कोठे आहे, अर्जाचा नमुना कोणता, निवाडा कसा शोधावा, हे तो दाखवून देतो. वकील करण्याची ऐपत नसल्याने स्वतःच न्यायालयात उभे राहणाऱ्यांना एवढाही आधार फार मोठा असतो.

या ग्रंथालयांचा खर्च मुख्यतः दिवाणी दाव्यांच्या शुल्कातील ठरावीक हिश्शातून चालतो. न्यायालयाचा उपयोग करणाऱ्याने कायद्याच्या ज्ञानप्रसाराचा भार उचलावा, ही कल्पना अर्थशास्त्रदृष्ट्या आकर्षक आहे. परंतु तिच्यातील वैगुण्यही तेथेच उघडे पडले. दावे घटले की उत्पन्न घटते; लोकांची गरज मात्र घटत नाही. अखेर राज्याच्या तिजोरीतून मदत द्यावी लागली. केवळ शुल्कावर विसंबणे धोक्याचे, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडे मोफत विधी सहाय्य आहेच, मग ग्रंथालय कशाला, असा आक्षेप येईल. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ साली अमलात आला, ही मोलाचीच कामगिरी होय. परंतु सहाय्याचा प्रश्न बहुधा तंटा उभा राहिल्यावर येतो. वाचन तंट्यापूर्वीही उपयोगी पडते, कित्येकदा तो टाळते. दुसरा आक्षेप असा, की कायदे व निवाडे आता संगणकावर फुकट मिळतात. हे खरे; सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडेही २०२३ पासून असे खुले झाले आहेत. पण कोणते कलम पाहावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे हजारो पानांचा ढीग टाकल्याने ज्ञान होत नाही. त्याला वाट दाखवणारा माणूस लागतो.

शिवाय कायदा बदलतो. १ जुलै २०२४ रोजी १८६० च्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ‘चारशेवीस’ हा शब्द बोलीत राहील, पण फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू. म्हणजे दोन्ही पुस्तके हवीत. प्रत्येक कुटुंबाने ती विकत घेणे हा अपव्यय होय. एका प्रतीवर शेकडो लोकांचे काम भागते. असा खर्च समाजाने एकत्रितपणे करावयाचा असतो.

महाराष्ट्रात त्यासाठी नव्या इमारती नकोत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी आहेत. प्रारंभी प्रत्येक जिल्ह्याच्या आणि नंतर तालुक्याच्या ठिकाणी एका ग्रंथालयात विधी विभाग असावा. तेथे नित्य लागणारे अधिनियम व नियम मराठीत, अद्ययावत स्वरूपात मिळावेत. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ग्रंथपालांना प्रशिक्षण द्यावे. न्यायालय शुल्काचा लहानसा अंश व त्याला पूरक असे नियमित शासकीय अनुदान यांतून हा खर्च भागू शकेल.

कायदा मोडल्याबद्दल दंड भरून घेणारी खिडकी प्रत्येक तालुक्यात आहे. तो वाचावयास मिळेल असे एक टेबलही तेथे असावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.