काटा आत राहिला तर... सांध्यातल्या धातूला शरीर कसे वागवते?

धरणगावच्या शिवारात कपाशीच्या हंगामात पायात बाभळीचा काटा मोडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. सुईने तो निघाला तर दोन दिवसांत विसरलाही जातो. पण टोक आत राहिले तर जागा लाल होते, ठणकते, पू धरतो. कधी सगळे शांत होते आणि काही आठवड्यांनी तिथे कडक गाठ हाताला लागते. जे पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, त्याला भिंत घालून कोंडायचे, ही शरीराची जुनी रीत आहे.

गुडघ्यात किंवा खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यालाही हीच रीत लागू होते. आज कोणाच्या डोळ्यात भिंग असते, कोणाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, तर कोणाच्या मांडीत रॉड. जळगाव, नाशिक किंवा मुंबईला शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या रुग्णाला नातेवाईक हमखास विचारतात, ‘शरीराने हे स्वीकारले नाही तर?’

मूत्रपिंड वेगळे, धातू वेगळा

दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले की त्यातील परक्या पेशी शरीर ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. म्हणून त्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. धातू किंवा प्लास्टिकमध्ये अशा जिवंत पेशी नसतात, त्यामुळे तशा गोळ्या लागत नाहीत. याचा अर्थ शरीर गप्प बसते असा मात्र नाही.

वस्तू आत जाताच काही क्षणांत रक्तातील प्रथिने तिच्या पृष्ठभागावर चिकटतात. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्यामागून मॅक्रोफेज, म्हणजे गिळंकृत करणाऱ्या पेशी येतात. जंतू गिळता येतो, पण बोटाएवढी सळई कशी गिळणार? मग अनेक मॅक्रोफेज एकत्र येऊन एक महापेशी बनते. तिचेही काही चालले नाही, की पुढच्या काही आठवड्यांत वस्तूभोवती तंतूंचे पातळ आवरण तयार होते आणि दोन्ही बाजूंत एक प्रकारचा तह होतो.

टायटॅनियमचा तह याहून चांगला. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगात आढळले, की हाड या धातूला थेट घट्ट धरते. आजचे दातांचे इम्प्लांट त्यावरच उभे आहेत. स्टेंटभोवती मात्र जास्त वण धरला तर रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होते. म्हणून अनेक स्टेंटवर पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप असतो. त्यांपैकी सिरोलिमस हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणातही वापरले जाते.

तह मोडतो तेव्हा

मोठी वस्तू कोंडता येते; तिची झीज होऊन सुटलेली पूड कोंडता येत नाही. याचा कटू धडा महाराष्ट्रासह देशातील रुग्णांना एएसआर या खुब्याच्या सांध्याने दिला. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीच्या या सांध्यात गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचे होते. धातूवर धातू घासून अतिसूक्ष्म कण सुटले. मॅक्रोफेजनी ते गिळले, पण पचवता न आल्याने त्या पेशी मरू लागल्या. लिम्फोसाइट पेशींची गर्दी झाली, सांध्याभोवतीचे स्नायू आणि हाड खराब झाले आणि काहींच्या रक्तात कोबाल्टचे प्रमाण वाढले.

ब्रिटनमध्ये सांधे बदललेल्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पाच वर्षांत साधारण आठांपैकी एकाला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत असल्याचे तिच्यातून दिसले आणि ऑगस्ट २०१० मध्ये हा सांधा जगभरातून मागे घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरले. केंद्राने २०१७ मध्ये नेमलेल्या समितीने प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. कोणाच्या शरीरात कोणता सांधा आहे, याची नीट नोंद नव्हती.

दुसरा शत्रू : जंतू

त्वचेवरचे साधे जंतूही शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नंतर रक्तावाटे धातूवर पोहोचू शकतात. तिथे ते चिकट थर करून राहतात. त्या थरात पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत, म्हणून कधी कधी सांधाच काढावा लागतो. मधुमेह ताब्यात नसेल तर हा धोका वाढतो.

कागद जपा, दुखणे झाकू नका

बहुसंख्य सांधे, भिंगे आणि स्टेंट वर्षानुवर्षे बिनतक्रार काम करतात, त्यामुळे घाबरून शस्त्रक्रिया टाळू नये. मात्र बरा झालेला सांधा महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा दुखू लागला, सुजला, गरम लागला, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर त्यावर मालिश करून वा वेदनाशामक गोळ्या घेऊन वेळ घालवू नये. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावे. नकली दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगावे. ती निकेलची ॲलर्जी असू शकते.

उपकरणाच्या खोक्यावरील स्टिकर किंवा इम्प्लांट कार्ड मागून घ्यावे. त्यावर कंपनी, मॉडेल आणि क्रमांक असतो. सातबारा जपतो तसे ते जपावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवून ठेवावे. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात जुलै २०१५ पासून सुरू आहे. डॉक्टरांप्रमाणे रुग्णही तिथे तक्रार कळवू शकतो.

पायातला काटा कुठे मोडला, हे शेतकऱ्याला नेमके ठाऊक असते. शरीरात मुद्दाम बसवलेल्या वस्तूचे नाव-गाव तर त्याला ठाऊक असायलाच हवे.