रहस्य सांगायचं कुणाला?

कवीला अर्धी कविता मित्राला ऐकवता येते. कादंबरीकार एखादं प्रकरण घरच्यांना वाचून दाखवतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत असते. खुनी कोण हे ज्याला सांगितलं, तो वाचक म्हणून कायमचा गेला. आणि कुणालाच सांगितलं नाही, तर रचनेत कुठे भोक राहिलंय ते कळायला मार्ग नाही. उरतो एकच श्रोता, याच धंद्यातला दुसरा लेखक. पण तो पडला प्रतिस्पर्धी, त्याच वाचकावर डोळा ठेवून बसलेला. लंडनच्या रहस्यलेखकांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस या पेचातून एक वाट काढली. 'डिटेक्शन क्लब' हे तिचं नाव. ती अजून चालू आहे.

सुरुवात जेवणावळीपासून झाली. अँथनी बर्कली कॉक्स हे विनोदी लेखनाकडून रहस्याकडे वळलेले लेखक १९२८च्या सुमारास वॉटफर्डच्या आपल्या घरी समव्यवसायी मंडळींना जेवायला बोलावू लागले. गंमत अशी, की हे गृहस्थ स्वतः कमालीचे आतल्या गाठीचे. 'फ्रान्सिस आइल्स' या टोपणनावामागे आपणच आहोत, हे त्यांनी बराच काळ कुणाला कळू दिलं नाही. १९२९ साली आलेल्या त्यांच्या 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' या कादंबरीत एका मंडळाचे सहा सभासद एकाच खुनाचा सहा परींनी उलगडा करतात. प्रत्येक उलगडा पटतो आणि पुढचा सभासद उठला की कोसळतो. आपली रचना दुसऱ्या जाणकारापुढे ठेवली की काय होतं, हे बर्कलींना नेमकं ठाऊक होतं.

१९३०मध्ये या जेवणांना क्लबाचं रूप आलं. फादर ब्राउनचे जनक जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष झाले. सोहोतल्या जेरार्ड स्ट्रीटवर भाड्याच्या खोल्या मिळाल्या. मंडळी पाहिली तर एरवी एका छताखाली येतील अशी वाटत नाहीत. रोनाल्ड नॉक्स कॅथलिक धर्मगुरू, जी. डी. एच. कोल समाजवादी अर्थतज्ज्ञ, फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स रेल्वेचे इंजिनियर, ऑस्टिन फ्रीमन डॉक्टर, जॉन ऱ्होड तोफखान्यातले निवृत्त मेजर, हेन्री वेड सरदार घराण्यातले. सोबत अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स. निव्वळ मारधाडीच्या थरारकथा लिहिणाऱ्यांना प्रवेश नव्हता. सभासदत्व निमंत्रणाने आणि गुप्त मतदानानेच मिळे.

नव्या सभासदाचा दीक्षाविधी हा मुद्दाम रचलेला फार्स होता. दिवे मालवायचे, मेणबत्त्या पेटवायच्या आणि 'एरिक' नावाच्या मानवी कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची. कवटीच्या डोळ्यांत लाल दिवे लागत. ती करामत जॉन ऱ्होड यांची. आपला गुप्तहेर अक्कल चालवूनच गुन्हा सोडवील, दैवी साक्षात्कार किंवा योगायोग यांच्या कुबड्या घेणार नाही, वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही, अशी वचनं द्यावी लागत. नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम छापले होते, त्याच वळणाची ही शपथ. लोक आजही ती सांगतात ती कवटीसाठी आणि या नियमांसाठी. माझ्या मते तिच्यातलं खरं कलम वेगळंच आहे. सहसभासदाने प्रकाशनापूर्वी विश्वासाने सांगितलेलं कथानक आपण चोरणार नाही, मग तो ते शुद्धीत सांगो वा दारूच्या अंमलाखाली, असंही नव्या सभासदाला कबूल करावं लागे. शपथ मोडली तर शाप होता, तोही धंद्यातलाच: पानोपानी मुद्रणदोष निघोत आणि पुस्तकांचा खप घटत जावो.

हसत हसत घेतलेल्या या कलमाने प्रतिस्पर्ध्यापुढे तोंड उघडण्याची सोय केली.

तिचा उपयोग कसा होई, याचं चांगलं उदाहरण सेयर्स यांच्या 'हॅव हिज कारकेस'मध्ये सापडतं. १९३२च्या या कादंबरीत 'प्लेफेअर' पद्धतीची सांकेतिक लिपी कथेच्या गाभ्याशी आहे. ती नीट बसवायला सेयर्स यांना जॉन ऱ्होड यांची मदत झाली आणि त्यांनी ती मान्यही केली. खुद्द ऱ्होड यांनी जॉन डिक्सन कार या अमेरिकन लेखकाबरोबर १९३९मध्ये 'ड्रॉप टू हिज डेथ' लिहिलं. बंद जागेतला अशक्य वाटणारा खून ही कार यांची खासियत, यंत्रांची जाण ऱ्होड यांची. खून झाला लिफ्टमध्ये.

क्लबाची जाहीर ओळख झाली ती सामूहिक लेखनामुळे. खोल्यांचं भाडं भागवायला पैसा हवा होता. १९३०मध्ये 'बिहाइंड द स्क्रीन' आणि पुढच्या वर्षी 'द स्कूप' या मालिका बीबीसी रेडिओवर झाल्या. प्रत्येक लेखक आपलं प्रकरण स्वतः वाचून दाखवी. १९३१च्या 'द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल'चा खेळ जास्त अवघड होता. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढे न्यायचं, पण प्रत्येकाच्या मनात स्वतःचा पूर्ण उलगडा तयार हवा आणि आधीच्यांनी घालून ठेवलेल्या गाठी टाळायच्या नाहीत. नॉक्स यांनी आपल्या प्रकरणात तोवर साचलेल्या शंकांची एकोणचाळीस कलमी यादीच दिली. क्लेमन्स डेन यांनी आपला पुरता गोंधळ उडाल्याची कबुली दिली. शेवटचं लांबलचक प्रकरण बर्कलींच्या वाट्याला आलं आणि सगळा पसारा त्यांनी निस्तरला. ज्याचे त्याचे उलगडे पुस्तकाच्या शेवटी छापलेले आहेत. एकाच प्रेतावरून जाणत्या लेखकांची डोकी किती दिशांना धावतात, ते तिथे दिसतं.

१९३३च्या 'आस्क अ पोलिसमन'मध्ये त्यांनी आपले नायक एकमेकांना उसने दिले. सेयर्स यांनी बर्कलींचा रॉजर शेरिंगहॅम लिहिला, बर्कलींनी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्झी. आपल्या लाडक्या पात्राची टर उडवायला दुसऱ्याच्या हाती लेखणी देणं, याला विश्वास लागतो. १९३६च्या 'सिक्स अगेन्स्ट द यार्ड'मध्ये सहा लेखकांनी न पकडला जाणारा खून रचला आणि स्कॉटलंड यार्डच्या एका निवृत्त सुपरिंटेंडंटने प्रत्येकाच्या चुका काढल्या.

ही पुस्तकं रंजक आहेत, थोर नाहीत. रहस्यकथेत पहिल्या पानावरचा तपशील शेवटच्या पानावर कामी यावा लागतो, आणि तेवढा लांबचा हिशेब एकच डोकं ठेवू शकतं.

या जवळिकीला मर्यादाही होत्या. सेयर्स यांना १९२४मध्ये विवाहबाह्य संबंधातून मुलगा झाला होता; तो नात्यातल्या बहिणीकडे वाढला आणि क्लबातल्या मित्रमंडळींना त्याचा पत्ता नव्हता. ख्रिस्ती १९२६च्या डिसेंबरात अकरा दिवस बेपत्ता झाल्या होत्या. सारा देश तेव्हा त्यांना शोधत होता; पण त्याबद्दल त्या पुढे जवळजवळ मौनच पाळून राहिल्या. दुसऱ्यांच्या गुपितांवर पोट भरणारी ही माणसं स्वतःची गुपितं टेबलावर आणत नसत. मैत्री धंद्यातली होती आणि उंबऱ्यापाशी थांबायची. मला वाटतं, म्हणूनच ती टिकली.

टिकली ती लेखन थांबल्यावरही. सेयर्स यांची शेवटची कादंबरी १९३७ची. नंतर त्या दान्तेच्या अनुवादात बुडाल्या, तरी १९४९मध्ये त्या क्लबाच्या अध्यक्ष झाल्या आणि १९५७मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिल्या. त्यांच्यानंतर ख्रिस्ती. भाषण करायचं नाही या अटीवरच त्यांनी होकार दिला, म्हणून काही वर्षं लॉर्ड गोरेल सहअध्यक्ष होते. दरम्यान १९५३मध्ये जॉन क्रीसी यांच्या पुढाकाराने 'क्राइम रायटर्स असोसिएशन' उभी राहिली आणि करार, पुरस्कार, व्यावसायिक हित हे प्रश्न तिच्याकडे गेले. क्लबाकडे उरलं ते जेवण आणि गप्पा.

चवही बदलली होती. ज्युलियन सिमन्स यांनी १९७२मध्ये 'ब्लडी मर्डर' या ग्रंथात क्रॉफ्ट्स, ऱ्होड प्रभृतींना सरळ रटाळ ठरवलं. चारच वर्षांनी, ख्रिस्तींच्या निधनानंतर, हेच सिमन्स त्या 'रटाळ' मंडळींनी स्थापलेल्या क्लबाचे अध्यक्ष झाले! पॅट्रिशिया हायस्मिथसारखी, गुन्हेगाराच्याच डोक्यात शिरून लिहिणारी लेखिकाही एव्हाना सभासद होती. जुन्या शपथेत ती कुठे बसली असती, कोण जाणे.

१९८५मध्ये अध्यक्षपद आलं एच. आर. एफ. कीटिंग यांच्याकडे, आणि इथे क्लबाचा मुंबईशी धागा जुळतो. मुंबई सीआयडीतला इन्स्पेक्टर गणेश घोटे ही त्यांची निर्मिती. त्यांची आधीची पुस्तकं अमेरिकी प्रकाशकांना फारच इंग्लिश वाटली, म्हणून त्यांनी भारत निवडला. घोटेची पहिली कादंबरी 'द परफेक्ट मर्डर' १९६४मध्ये आली आणि तिला क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर मिळाला. मुंबईत पाऊल ठेवण्याआधी कीटिंग जवळपास दहा वर्षं मुंबईवर लिहीत होते. १९८८च्या चित्रपटात नसीरुद्दीन शाहांनी घोटे साकारला. वरिष्ठांपुढे बिचकणारा, घरी बायकोची बोलणी खाणारा आणि तरी तपास न सोडणारा हा मराठी आडनावाचा पोलीस ज्यांनी घडवला, ते २०००पर्यंत चेस्टरटनच्या खुर्चीत होते.

सिमन्स ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा कीटिंग यांनी सभासदांकडून कथा लिहवून घेऊन संग्रह काढला. पुढे कीटिंग ऐंशीचे झाले, तेव्हा पीटर लव्हसी यांनी त्यांच्यासाठी तेच केलं. २०२०मध्ये मार्टिन एडवर्ड्स यांनी संपादित केलेल्या 'हाउडनइट'मध्ये सभासदांनी रहस्यकथा कशी लिहायची यावरच लेख लिहिले. पूर्वी जेवणाच्या टेबलावर बोलली जाणारी कारागिरी आता दुकानात विकत मिळते.

पण क्लबाचं कर्तृत्व मोजायला ही एकत्र काढलेली पुस्तकं अपुरी पडतात. ते एकट्याच्या नावाने छापलेल्या पुस्तकांत विखुरलेलं आहे: कुणी उसनी दिलेली लिपी, कुणी वेळीच दाखवलेलं भोक, कुणी ऐकून पोटात ठेवलेलं खुन्याचं नाव. अशा मदतीची नोंद प्रस्तावनेत एखाद्या ओळीने होते, पुष्कळदा तीही होत नाही. वाचकाला शेवट अचूक बसलेला वाटतो, आणि त्याचं श्रेय मुखपृष्ठावरच्या एकाच नावाला मिळतं.