लॅपटॉप रुसला, आता काय?



घरात रुसून बसणारी माणसं तुम्ही पाहिलीच असतील. धाकटा भाऊ रुसतो, ताई रुसते, कधीकधी तर आजीसुद्धा रुसते! पण एखादं यंत्र रुसलेलं पाहिलंय का? बटण दाबलं की नुसतं घरघरतं, मधेच गप्प होतं आणि नेमकं दुसऱ्या दिवशी प्रकल्प द्यायचा असतो, त्याच रात्री डोळे मिटून बसतं! ज्यांच्या घरी जुना लॅपटॉप आहे, त्यांनी आत्ताच मान डोलावली असेल.

आज अशाच एका लॅपटॉपची आणि त्याच्या मालकिणीची गोष्ट सांगते.

ही मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता ती मोठ्या शाळेत नववीत गेली आहे. आमचं गाव जत तालुक्यातलं, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पहिली चौकशी तब्येतीची होत नाही, "विहिरीला पाणी हाय का?" अशी होते. या मुलीच्या मनात आलं, नुसतं "पाणी आटलं" म्हणण्यापेक्षा ते किती आटलं, कुठं आटलं, हे मोजून का बघू नये?

२०२४ ची भाऊबीज रविवारी आली होती. त्या दिवशी तिनं सुरुवात केली. एका दोरीला दर फुटावर गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि गावातल्या १४ विहिरींचं पाणी कठड्यापासून किती खाली आहे, ते मोजलं. मग दर रविवारी तेच. एप्रिलअखेरपर्यंत एकही रविवार चुकला नाही. म्हणजे २६ रविवार आणि १४ विहिरी. करा बरं गुणाकार! बरोबर, ३६४ नोंदी.

विहिरीवर ती चिठ्ठ्यांवर आकडे लिहून घ्यायची आणि संध्याकाळी लॅपटॉपवर उतरवायची. प्रत्येक रविवारची वेगळी फाइल. आणि चिठ्ठ्यांचं काय? त्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवायच्या बंबात! हे लक्षात ठेवा हं, पुढे उपयोगी पडणार आहे.

लॅपटॉप आला होता तिच्या आत्तेभावाकडून. त्यानं पुण्यात शिकताना तो पाच वर्षं वापरला होता. नवीन घेतल्यावर जुना बहिणीला दिला. पहिले काही दिवस मजेत गेले. मग सुरू झाले एकेक नखरे.

पहिला नखरा म्हणजे कासवगती. सकाळी बटण दाबायचं, तोंड धुवायचं, चहा प्यायचा, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे! असं का होतं, सांगू? स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. तिथं एक ओटा असतो आणि एक कपाट असतं. लागणारं सामान आई कपाटातून काढून ओट्यावर घेते. लॅपटॉपमधला ओटा म्हणजे रॅम आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क. एकाच वेळी दहा खिडक्या उघडल्या, की ओटा भरून जातो. मग एक डबा कपाटात ठेव, दुसरा काढ, पुन्हा पहिला काढ, अशी पळापळ सुरू होते. काम थोडं आणि धावपळच फार! म्हणून नको त्या खिडक्या बंद करायच्या. लॅपटॉप सुरू होताना आपोआप सुरू होणारे प्रोग्रामही कमी करायचे.

दुसरा नखरा तापण्याचा. आपली मैत्रीण रात्री गोधडीवर लॅपटॉप ठेवून बसायची. थोड्याच वेळात पंखा विमानासारखा आवाज करायचा आणि लॅपटॉप एकदम बंद! लॅपटॉपच्या बुडाला आणि कडेला जाळ्या असतात. आतला पंखा तिथूनच हवा आत-बाहेर खेळवतो. गोधडीनं ती वाटच बंद केली. त्यात आमच्याकडची धूळ! आतलं प्रोसेसर नावाचं मुख्य अंग फार तापलं, की स्वतःला वाचवण्यासाठी आधी मुद्दाम हळू चालतं. तरीही ताप उतरला नाही, तर यंत्र बंद होतं. म्हणजे तो रुसवा नव्हताच, "मला श्वास घेऊ द्या" असं सांगणं होतं. लाकडी पाटावर ठेवल्यावर अर्धा रुसवा गेला.

तिसरा नखरा बॅटरीचा. वीज गेली, की दहा मिनिटांत लॅपटॉप झोपलाच. आपल्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती बाजारात पहिल्यांदा आली १९९१ मध्ये. ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पण नोबेल मिळालं म्हणून ती अमर थोडीच आहे! काही शे वेळा भरून रिकामी झाली, की तिची ताकद कमी होत जाते. उष्णतेनं तर ती लवकर म्हातारी होते. आणि वीज गेली की रॅमच्या ओट्यावर असेल ते सगळं पुसलं जातं, कपाटात ठेवलेलं तेवढं उरतं. म्हणून लिहिताना दर थोड्या वेळानं कंट्रोल आणि एस ही बटणं दाबायची सवय लावा. ही एवढीशी सवय फार रडणं वाचवते.

आता चौथा नखरा. हा मात्र नखरा नव्हता, ती धोक्याची घंटा होती.

जून महिन्यात लॅपटॉपमधून "टिक्... टिक्... टिक्..." असा आवाज यायला लागला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपमधल्या बऱ्याच डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला ९० वेळा! त्यांच्यावर तरंगत एक बारीकसा वाचक माहिती वाचतो. तबकडी आणि वाचक यांच्यात अंतर किती? आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! तिथं धक्का बसला किंवा बिघाड झाला, तर तबकडीवरचं लिखाणच खरवडलं जाऊ शकतं. अशी टिकटिक ऐकली, की तेव्हाच हातातलं सगळं सोडून महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवायच्या.

आपल्या मैत्रिणीनं टिकटिक ऐकली. पण कुणाला सांगितलीच नाही! का? तर आण्णा रागावतील. "तरी म्हणत होतो, नको ते यंत्र घरात," असं म्हणतील आणि लॅपटॉप परत पाठवतील. म्हणून तिनं काय केलं, तर लॅपटॉप लावला की रेडिओही मोठ्यानं लावायचा, टिकटिक कुणाला ऐकूच येऊ नये!

हसू नका. तुम्ही कधी फुटलेली पाटी दप्तरात लपवली नाही? नापास झालेला पेपर गादीखाली ठेवला नाही? मी ठेवला होता, म्हणून विचारते.

जुलै संपता संपता एका रात्री पडदा काळा झाला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दहादा दाबलं. काहीच नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिला विहिरींचे आकडे वाचून दाखवायचे होते. सरपंचांनी तसं कबूलही केलं होतं. आणि चिठ्ठ्या? त्या तर केव्हाच बंबात गेल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"बाई, ह्याला आता विहिरीतच टाकते!"

"टाक की," मी म्हटलं. "पण त्याच्या पोटातले २६ रविवार आधी बाहेर काढूया. आणि मला सांग, आण्णांना सांगितलंस?"

तिनं खाली बघितलं. मग मीच तिच्याबरोबर घरी गेले. आण्णा रागावले, नाही असं नाही. पण रागावले ते कशाबद्दल, माहीत आहे? "आवाज येत होता, तर सांगायचं नाही व्हय गं?" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तिला मोटरसायकलवर बसवून तालुक्याला घेऊन गेले.

दुरुस्ती करणाऱ्या दादांनी पहिलंच वाक्य टाकलं, "आता बटण दाबू नका. बिघडलेली डिस्क जितकी चालवाल, तितकी जास्त बिघडेल." त्यांनी डिस्क काढली, एका डबीत बसवली आणि वायरनं आपल्या संगणकाला जोडली. मग हळूहळू एकेक फाइल उतरवून घेतली. संध्याकाळपर्यंत २३ रविवार हाती लागले. तीन फाइली काही केल्या उघडल्या नाहीत. आणि त्या तिन्ही एप्रिलमधल्या, म्हणजे विहिरी सर्वांत भराभर खाली जात होत्या तेव्हाच्या!

४२ नोंदी गेल्या. लॅपटॉप दुरुस्त होईल, नवासुद्धा मिळेल. पण गेलेला एप्रिल कुठल्या दुकानातून आणणार?

आत्तेभावाचा पुण्याहून फोन आला. "अगं, आधीचा रविवार आहे, नंतरचा आहे. मधले आकडे अंदाजानं भरून टाक. कोण बघतंय!"

खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण त्यावरून मला एक जुनी हकिकत आठवली आणि ती मी तिला सांगितली.

९ सप्टेंबर १९४७ चा दिवस. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा 'मार्क टू' नावाचा प्रचंड संगणक अडून बसला. शोधता शोधता आत काय सापडलं? चक्क एक पतंग, दिव्याभोवती फिरतो ना, तसला! तंत्रज्ञांनी तो नुसता फेकून दिला नाही. कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं, की बिघाड यानं झाला. बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याआधीपासूनच होती. इथं तर खरोखरचा किडा निघाला! ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ बाई ही गंमत पुढे सगळ्यांना सांगत असत. पतंग चिकटवलेली ती नोंदवही आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. चूक लपवली नाही, नोंदवली, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोचली!

तिनं ऐकून घेतलं. काही बोलली नाही. घरी जाऊन तक्ता केला. त्यात तीन रकाने मोकळे ठेवले आणि खाली लिहिलं, "लॅपटॉप बिघडल्याने नोंदी गेल्या. दुसरी प्रत ठेवली नव्हती."

१५ ऑगस्टला ग्रामसभेत तक्ता भिंतीवर लागला. एका आजोबांनी बोट करून विचारलं, "पोरी, ही तीन घरं मोकळी का गं?" तिनं घाबरत घाबरत सगळं सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बाकीचं खरं मोजल्यालं हाय." आणि गावकरी तक्त्यापाशी येऊन आपापली विहीर शोधायला लागले.

मोकळ्या रकान्यांमुळे भरलेल्या रकान्यांवर विश्वास बसला! मलाही हे त्या दिवशीच उमगलं.

आता तुम्ही म्हणाल, अशा चुका आमच्यासारख्या लहानांच्याच होतात. छे! 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. १९९८ मध्ये त्याचं काम चालू असताना कुणीतरी संगणकाला चुकून 'पुसून टाक' असा हुकूम दिला आणि चित्रपटाचा फार मोठा भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. राखीव प्रत पाहिली, तर तीही नीट नव्हती! मग गॅलिन सुसमन या बाईंना आठवलं, की बाळ लहान असल्यामुळे आपण घरून काम करतो आणि घरच्या संगणकावर एक प्रत आहे. तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून अगदी जपून आणला आणि चित्रपट वाचला. दुसऱ्या जागी ठेवलेली एक प्रत काय करते, बघा!

आपल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये आता एसएसडी बसवली आहे. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे टिकटिकही नाही आणि कासवगतीही गेली. पण गंमत म्हणजे यंदाच्या चिठ्ठ्या ती बंबात घालत नाही, दोऱ्यात ओवून खुंटीला लावते. नवी डिस्क आहे म्हणून काय झालं!

तुमच्यासाठी रविवारचं काम

१. लॅपटॉप पाटावर किंवा टेबलावर ठेवा. उशी आणि गोधडी आपल्यासाठी असते!

२. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर हव्यात, म्हणजे एक लॅपटॉपमध्ये आणि एक पेन ड्राइव्हवर. आणि एक प्रत दुसऱ्या जागी, मैत्रिणीच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात.

३. बॅटरी फुगून लॅपटॉपचं झाकण किंवा बटणांची पट्टी वर आलेली दिसली, तर तो बंद करा. चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. लगेच मोठ्या माणसांना दाखवा.

४. एक छोटी वही करा. लॅपटॉप कधी अडला, तेव्हा काय चालू होतं, आवाज कसला आला, हे तारीख घालून लिहा. दुरुस्ती करणाऱ्याला ती वही फार उपयोगी पडते.

आणि पाचवं काम सर्वांत अवघड. टिकटिक ऐकू आली, तर रेडिओ मोठा करू नका. घरात सांगा. बोलणी बसतील, पण एप्रिल वाचेल.

तुमच्या बाई