चामडी सायकल-सीटची निवड : किंमत, टिकाऊपणा आणि उपयुक्तता

प्रस्तावना

सायकलस्वाराच्या शरीराचा सायकलशी संपर्क तीन ठिकाणी येतो : हँडल, पायडल आणि सीट. यांपैकी शरीराच्या वजनाचा मोठा भाग सीटवर पडतो. तरीही सायकल खरेदी करताना चाके, गिअर, ब्रेक यांची जेवढी चौकशी होते तेवढी सीटची होत नाही. रोज थोडे अंतर जाणाऱ्यास ही उणीव जाणवत नाही. मात्र दररोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्यास सीटची चूक शरीराने भोगावी लागते.

फोम आणि रेक्झिन यांच्या सीट सर्वत्र रूढ झाल्यानंतरही चामडी सीटची मागणी टिकून आहे. या बाजारात एकीकडे नामांकित कंपन्यांच्या महागड्या सीट आहेत, तर दुसरीकडे त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या परंतु बऱ्याच कमी किमतीच्या सीट उपलब्ध आहेत. किमतीतील हा फरक गुणवत्तेचा आहे की केवळ नावाचा, हा प्रश्न ग्राहकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा रचना, शरीरशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन अंगांनी विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चामडी सीटच्या इतिहासात इंग्लंडमधील ब्रुक्स या कंपनीचे स्थान महत्त्वाचे आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅम येथे घोड्यांचे साज व इतर चामडी वस्तूंचा व्यवसाय सुरू केला. घोडा मेल्यावर त्यांनी सायकल वापरून पाहिली आणि तिची कठीण सीट असह्य झाल्याने नवी सीट घडवली, अशी कथा सांगितली जाते. सीटसाठीचा त्यांचा पेटंट अर्ज १८८२ चा आहे. इंग्लंडहून भारतात आलेल्या रॅलेसारख्या सायकलींमुळे ही सीट येथील जुन्या पिढीच्याही परिचयाची झाली. २००२ मध्ये इटलीतील सेले रॉयल या उद्योगसमूहाने ही कंपनी विकत घेतली. तिची 'बी-१७' ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत जवळजवळ त्याच आकारात तयार होत आहे.

फ्रान्समधील जिल बेर्तू व अमेरिकेतील सेले अनाटोमिका हेही या क्षेत्रातील महागडे उत्पादक होत. कमी किमतीच्या चामडी सीट प्रामुख्याने आशियातील कारखान्यांतून येतात.

चामडी सीटची रचना व कार्य

फोमची सीट म्हणजे कठीण कवचावर अंथरलेली गादी होय. चामडी सीटचे तत्त्व याहून भिन्न आहे. तिच्यात गादी नसते. जाड कातड्याचा एकच तुकडा पुढील नाक आणि मागील धातूची पट्टी यांच्यामध्ये ताणून रिव्हेटने बसवलेला असतो. स्वाराचे वजन या ताणलेल्या कातड्यावर झोळीप्रमाणे पेलले जाते. नाकाखालील बोल्ट फिरवून हा ताण कमी-अधिक करता येतो.

या रचनेत कातडे हाच मुख्य भार पेलणारा घटक असल्याने ते कसे कमावले आहे याला निर्णायक महत्त्व प्राप्त होते. वनस्पतिज पद्धतीत झाडांच्या सालींतील व फळांतील टॅनिन कातड्यातील कोलॅजन तंतूंना बांधून ठेवते. असे कातडे घट्ट असते आणि उष्णता, ओलावा व दाब यांमुळे हळूहळू इच्छित आकार धारण करते. क्रोम पद्धतीने कमावलेले कातडे मऊ व पाण्याला अधिक दाद न देणारे असते. परंतु ते दिलेला आकार तितकासा धरून ठेवत नाही. महाराष्ट्रातील वाचकास याचे जवळचे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे आहे. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची ही चपल सुरुवातीस चावते आणि नंतर पायाच्या मापाची होते. चामडी सीटची 'सरावण्याची' प्रक्रियाही अशीच असते. काहीशे किलोमीटरच्या वापरानंतर बैठकीच्या दोन हाडांखाली उथळ खळगे तयार होतात आणि सीट त्या विशिष्ट स्वाराची बनते.

कातड्याचा भागही महत्त्वाचा असतो. जनावराच्या पाठीच्या व पुठ्ठ्याच्या भागातील तंतू दाट असतात. पोटाकडील कातडे सैल व अधिक ताणले जाणारे असते. उत्पादकाने खर्च वाचवण्यासाठी पातळ वा पोटाकडील कातडे वापरल्यास नवी सीट अधिक आरामदायी वाटते. परंतु काही महिन्यांतच ती मध्ये खचते. बोल्ट आवळून ताण वाढवण्यासही मर्यादा असते. म्हणजेच दुकानात जाणवणारा मऊपणा हा पुष्कळदा दोषाचा पूर्वसंकेत असतो, ही बाब ग्राहकाने लक्षात घेणे आवश्यक आहे.

किमतीत नेमके काय समाविष्ट असते?

किमतीतील वाढीचे दोन भाग पाडता येतात. पहिला भाग कातड्याची निवड, जाडी, कमावणी व जोडणीची अचूकता यांचा असतो. त्याचा सीटच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. दुसरा भाग वजन, शोभा व नाव यांचा असतो. 'बी-१७' चेच उदाहरण घेतल्यास साध्या प्रकारात पोलादी दांड्या व साधे रिव्हेट असतात, 'स्पेशल' प्रकारात तांब्याचे मोठे रिव्हेट असतात, तर आणखी महाग प्रकारात टायटॅनियमच्या दांड्या असतात. टायटॅनियममुळे वजन कमी होते व गंज टळतो. परंतु बसण्याचा आकार तोच राहतो. म्हणून एकाच कंपनीच्या महाग प्रकाराने अधिक आराम मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. याउलट, बेर्तूच्या सीटमध्ये रिव्हेटऐवजी स्क्रू वापरलेले असल्याने झिजलेले कातडे बदलता येते. येथे वाढीव किमतीला टिकाऊपणाचा आधार आहे.

शरीरशास्त्रीय मर्यादा

सीटची किंमत आणि तिची शरीराशी जुळणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वजन बैठकीच्या हाडांवर पडणे इष्ट असते. सीट या हाडांमधील अंतरापेक्षा अरुंद असल्यास दाब मधल्या मऊ भागातील नसा व रक्तवाहिन्यांवर येतो आणि बधिरता निर्माण होते. ताठ बसून चालवणाऱ्यास रुंद, शक्यतो स्प्रिंग असलेली सीट लागते. पुढे झुकणाऱ्यास तुलनेने अरुंद सीट चालते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाक नसलेली सीट वापरल्यावर मऊ भागावरील दाब व बधिरता कमी झाल्याचे त्यांत दिसून आले. यावरून आरोग्याच्या दृष्टीने सीटचा आकार निर्णायक ठरतो, हे स्पष्ट होते. न जुळणाऱ्या आकाराची महागडी सीट ही स्वस्त सीटपेक्षा अधिक तोट्याची खरेदी होय.

आर्थिक विवेचन

किमतीची तुलना प्रतिकिलोमीटर खर्चाने करणे उचित ठरते. केवळ स्पष्टीकरणासाठी असे समजू की, महाग सीट १२,००० रुपयांची असून ४०,००० किलोमीटर टिकते आणि स्वस्त सीट ३,००० रुपयांची असून ८,००० किलोमीटर टिकते. पहिलीचा खर्च प्रतिकिलोमीटर ३० पैसे, तर दुसरीचा साडेसदतीस पैसे येतो. वर्षाला ५,००० किलोमीटर जाणाऱ्या स्वारास आठ वर्षांत पाच स्वस्त सीट, म्हणजे १५,००० रुपये लागतील. शिवाय प्रत्येक नवी सीट पुन्हा सरावावी लागेल. त्याच्यासाठी महाग सीट किफायतशीर आहे. मात्र वर्षाला १,००० किलोमीटर जाणाऱ्यास आठ वर्षे एकच स्वस्त सीट पुरते. महाग सीट घेतल्यास या काळात तिची फक्त २,४०० रुपयांची उपयुक्तता वापरली जाते आणि ९,६०० रुपये अडकून पडतात. यातून सामान्य नियम असा निघतो की, किंमत जितक्या पटीने अधिक, त्याहून अधिक पटीने आयुष्य वाढत असेल आणि ते आयुष्य स्वाराकडून प्रत्यक्ष वापरले जाणार असेल, तरच महाग सीट परवडते.

परंतु आयुष्याची ही पट खरेदीच्या वेळी दिसत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखवले की, गुणवत्तेची माहिती विक्रेत्याकडे असून ग्राहकाकडे नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो. कातड्याची कमावणी डोळ्यांना दिसत नसल्याने येथेही तेच घडू शकते आणि ग्राहक नावाचा आधार घेतो. दुसरीकडे, थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेली प्रदर्शनीय उपभोगाची संकल्पनाही येथे लागू पडते. तांब्याचे चकाकते रिव्हेट हे काही अंशी प्रतिष्ठेचे चिन्ह असते.

निवडीचे व्यावहारिक निकष

माहितीची ही दरी काही प्रमाणात पुढील तपासणीने भरून काढता येते.

१) सीटच्या कडेचा छेद पाहावा. एकसंध तंतुमय जाडी दिसणे इष्ट. फोम, पुठ्ठा वा कापडाचा थर दिसल्यास ती ताणलेल्या कातड्याची सीट नव्हे.

२) मध्यभागी अंगठ्याने जोराने दाबावे. नवी सीट सहज खचत असल्यास ती टाळावी.

३) नाकाखाली ताणाचा बोल्ट आहे का व तो फिरतो का, हे पाहावे.

४) रिव्हेटची डोकी कातड्यात नीट बसलेली व डावी-उजवी बाजू सारखी असावी.

५) किमतीचा विचार करण्यापूर्वी रुंदी व आपली बसण्याची पद्धत यांचा मेळ घालावा.

देखभालीस पर्याय नाही. ओल्या कातड्यावर बसल्यास ते ताणले जाऊन आकार बिघडतो. भिजलेली सीट उन्हात वा आगीजवळ न ठेवता सावलीत वाळवावी. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात कातड्यावर बुरशी धरते, म्हणून सीटवर आच्छादन असावे. मेणयुक्त स्निग्ध लेप अधूनमधून व अल्प प्रमाणात लावावा. बोल्ट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक आवळू नये. देखभाल न झाल्यास महाग सीटचे आयुष्य स्वस्त सीटइतकेच उरते आणि वरील सर्व हिशेब कोलमडतो.

निष्कर्ष

महाग चामडी सीट ही नित्य, दीर्घ अंतराच्या व काळजीपूर्वक वापरासाठी योग्य आहे. तेथेही कंपनीचा साधा प्रकार बहुधा पुरेसा असतो. मर्यादित वापरासाठी, अथवा उघड्यावर सायकल उभी करावी लागत असल्यास व चोरीचे भय असल्यास, तपासून घेतलेली स्वस्त सीट अधिक शहाणपणाची ठरते. जुळणारा आकार न मिळाल्यास दोन्ही नाकारून फोमची सीट स्वीकारण्यात कमीपणा नाही.

या विवेचनातून एक विसंगतीही समोर येते. टिकाऊ सीटची खरी गरज रोज सायकलवर पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यास असते. परंतु एकरकमी किंमत मोजण्याची ऐपत बहुधा हौशी स्वाराकडे असते. परिणामी ज्याचा वापर सर्वाधिक, तोच प्रतिकिलोमीटर अधिक खर्च करतो. कातडे बदलता येईल अशी रचना व स्थानिक कारागिरांकडून दुरुस्तीची सोय झाल्यास ही विसंगती कमी होऊ शकेल. कातडे कमावण्याचे व घडवण्याचे परंपरागत ज्ञान महाराष्ट्रात आजही जिवंत असल्याने या दिशेने प्रयत्न होणे शक्य आहे.