तोंड वर काढलेले मासे

पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यावर पुन्हा मेलेल्या माशांचा खच पडला. पेपरातला फोटो बघून त्या रात्री झोप लागली नाही. नेहमीप्रमाणे पाण्याचे नमुने नेले, सांडपाण्यावर बोट ठेवलं गेलं. उसाच्या फडातून पहिल्या पावसाबरोबर नदीत उतरणाऱ्या कीडनाशक औषधाचं नाव कुणी काढलं नाही.

१९८९ ला शेतीतलं डीडीटी थांबलं, त्याच्या जागी दुसरे डबे आले. या औषधांशी माझी गाठ पडली ती नव्वदच्या दशकात. कोल्हापुरात राजारामपुरीतून सायकल रेटत शिवाजी विद्यापीठाचा चढ चढायचो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या टाक्यांत रोहूची बोटुकली असायची. एंडोसल्फान लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरायचं. ९६ तासांत निम्मे मासे मरतील ते प्रमाण शोधायचं, एवढंच काम. मी मात्र पहिल्या तासातच गुंतून जायचो. आधी थवा फुटायचा. मग एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायचा, कल्ल्यांची झाकणं भराभर हलायची, अंगावर बुळबुळीत थर चढायचा. शेवटी झटके, गिरक्या, आणि कुशीवर कलणं. प्रमाण खूप उतरवलं की मरायचं कुणीच नाही, पण टाकीवर हाताची सावली पडली तरी मासा दचकायचा नाही. नदीत असता तर खंड्याने केव्हाच उचलला असता.

हे सांगायला एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी विचारलं, ‘‘मासे मेले का?’’ नाही म्हटल्यावर फाईल मिटली. तो राग अजून उतरलेला नाही.

पुढे १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवलं, २०२० अखेर फोरेटही गेलं. तोवर पंचगंगेतली मरळ आणि वाम मिळणं दुर्मीळ झालं होतं; आता बाजारात चिलापीचेच ढीग.

पाण्यातला प्राणवायू संपला तरी मासा तसाच तोंड वर काढतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. क्लोरपायरीफॉससारख्या औषधाने मात्र माशाच्या मेंदूतलं अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर दबतं. नमुना घेईपर्यंत औषधाचं पाणी खाली वाहून गेलेलं असतं, पण ताज्या मेलेल्या माशाच्या मेंदूत ती खूण सापडते. म्हणून पाण्याच्या बाटल्यांबरोबर बर्फात घातलेले चार मासेही न्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. या वेळीही सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळे मासे ट्रॉलीत भरून पुरले होते.