मशीन गळतंय? आधी कधी गळतंय ते बघा



मागच्या महिन्यात पाथर्डी तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, प्रोसिडिंग लिहून झालं आणि चहा घेताना एक ताई म्हणाल्या, "मॅडम, हप्ता चालू आहे आणि मशीन बंद आहे." गटाच्या कर्जातून त्यांनी सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतलेलं. खालून पाणी गळायला लागलं. कारागिराने फोनवरच सांगितलं, मशीन खोलावं लागेल, दीड हजार होतील. घरचे म्हणाले, हात लावू नको, करंट बसेल. तीन आठवडे ताई पुन्हा दगडावर धुणं धूत होत्या, तेही टँकरच्या पाण्यावर.

आम्ही दोघींनी मशीन बघितलं. आत अडकला होता ब्लाउजचा एक हुक आणि दोऱ्याचा गुंता. खर्च शून्य. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. पण गळती कुठून आहे हे आपल्याला नक्की शोधता येतं.

आधी करंटचं बघू

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. पाणी आणि वीज एकत्र आली की जीवाचा धोका असतो. म्हणून मशीनला हात लावण्याआधी बटण बंद करा आणि पिनही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. फरशी पुसून कोरडी करा, पायात कोरडी चप्पल घाला. मशीनला हात लावल्यावर कधीही झिणझिण्या आल्या असतील तर पुढचं काहीच करू नका. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवून मशीन चालवू नका. तिसरी जाड पिन अर्थिंगचीच असते.

गळती शोधायची कशी?

मशीनमध्ये कपडे टाकू नका. खाली जुना कोरडा पेपर पसरा. टबात नळीने पाणी सोडा आणि थोडी नीळ घाला. पेपरवर निळा डाग पडला तर पाणी टबातून आलंय. साधा ओला डाग पडला तर ते नळाकडून आलंय. आता पाणी कधी गळतं ते बघा.

1. भरताना गळलं तर: नळ आणि नळीचा जोड तपासा. बहुतेक वेळा रबरी वायसर झिजलेला किंवा क्लिप सैल झालेली असते. वायसर बदला, क्लिप आवळा. नळीला चीर गेली असेल तर तेवढं टोक कापून पुन्हा बसवा.

2. भरून ठेवल्यावर गळलं तर: बटण 'वॉश'वर ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा. सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडातून थेंब येत असतील तर आतला रबरी व्हॉल्व्ह नीट बसत नाही. बऱ्याच मशीनमध्ये टबाच्या आत एका कडेला जाळीचं उभं झाकण असतं. पाणी काढून टाका, पिन काढलेली आहे ना ते पुन्हा बघा आणि ते झाकण काढा. खाली व्हॉल्व्ह दिसेल. त्यात दोरे, हुक, बटण, नाणं, गाळ असं काहीही अडकतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यामुळे पांढरा थरही बसतो. जुन्या टूथब्रशने आणि लिंबाच्या पाण्याने चोळून स्वच्छ करा. रबर फाटलं असेल तर नवीन घ्या. दुकानात जाताना जुनं सोबत न्या, म्हणजे मापात चूक होत नाही.

पण टब खुणेच्या वर भरला असेल तर जादा पाणी त्याच पाइपातून बाहेर येतं. तो बिघाड नाही.

3. पाणी सोडताना गळलं तर: सांडपाण्याचा पाइप पूर्ण हाताखालून घाला. उंदराने कुरतडलेला असू शकतो. गावाकडे हे फार होतं. पाइप नवीन बसवा आणि मशीनच्या खालच्या उघड्या भागाला जाळी लावून घ्या.

4. कपडे पिळताना गळलं तर: पाइप वर टांगलेला किंवा दुमडलेला आहे का बघा. पाणी पुढे जात नाही म्हणून मागे तुंबतं. पाइप खाली सरळ सोडा. पावडर जास्त झाली तरी फेस बाहेर येतो.

कारागीर कधी बोलवायचा?

धुण्याचं चक्र फिरताना धुण्याच्या टबाच्या खालून निळं पाणी पडत असेल, किंवा पाइप सरळ असूनही पिळायच्या टबाखालून पाणी येत असेल, तर आतलं सील गेलेलं असू शकतं. ते पाणी मोटारीवर पडू शकतं. अशा वेळी मशीन वापरणं थांबवा. हे काम घरी करू नका.

पण फोन करताना नुसतं "गळतंय" म्हणू नका. "पिळताना, डाव्या बाजूने, निळं पाणी येतंय" असं सांगा. फोटो काढून ठेवा. काय बदलणार आणि किती खर्च ते आधी विचारा. काढलेला जुना भाग परत मागून घ्या. गटाच्या हिशोबात आपण पावती मागतोच ना, तसंच हे.

थेंबाचा हिशोब

जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. मशीनचा टब एकदा भरायला मापाप्रमाणे साधारण 40 ते 60 लिटर लागतात. म्हणजे एक टब वाया गेला तर घरातल्या एका माणसाचं दिवसाचं पाणी गेलं. गळतीखाली दहा मिनिटं पेला ठेवून बघा. 200 मिलीचा पेला भरला तर तासाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी जातंय.

त्या ताईंचं मशीन आता चालू आहे. पुढच्या बैठकीत त्यांनी जाळीचं झाकण कसं काढायचं ते इतर जणींना स्वतः दाखवलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "पिन काढली का आधी?"

तुमच्याही गटात हा विषय घ्या. मशीन असलेल्या एका घरी बैठक ठेवा, आणि सुरुवात पिन काढण्यापासून करा.